वेबसाइटचं सॉफ्टवेअर निवडताना आधी आपलं मराठी त्यात टाकून बघा

‘वेबसाइट कशात करू?’ असं विचारत कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात कुणी आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: साइट झाल्यावर तिच्यात बदल कोण करणार? महाद्वार रोडवरच्या चपलांच्या दुकानात भाव बदलायचं आणि नव्या मालाचे फोटो टाकायचं काम घरातलंच कुणीतरी, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, मोबाइलवर करतं. उद्यमनगरातल्या फौंड्रीत तेच काम ऑफिसातला क्लार्क कॉम्प्युटरवर करतो, तेही कधीमधी. या दोघांना एकच सॉफ्टवेअर मी कधीच सुचवणार नाही. ज्याच्या हातात साइट राहणार, त्यालाच ते वापरून बघू द्या.

पैसे भरायच्या आधी एक पान बनवा. त्यात तयार नमुन्याचा इंग्रजी मजकूर ठेवू नका, तो सगळीकडे देखणाच दिसतो. आपली ओळ टाका, चपलांचं दुकान असेल तर आपल्या चपलांच्या प्रकारांची: ‘पुकारी आणि कापशी, खऱ्या कातड्याची, पांढऱ्या शिलाईची.’ आता ते पान मोबाइलवर उघडून नीट बघा. ‘खऱ्या’, ‘पांढऱ्या’ यांतला ‘ऱ्या’ नीट जुळलाय की अक्षरं सुटी पडलीत? वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जात नाहीत ना? मग हीच ओळ शीर्षकात टाका. बऱ्याच तयार टेम्प्लेटांत शीर्षकाची अक्षरं लांब-लांब ठेवलेली असतात. इंग्रजीत ते खपून जातं, आपली शिरोरेखा मात्र तुकडे-तुकडे होते. अक्षरांतलं आणि ओळींतलं अंतर बदलायची सोय नसेल, तर ते सॉफ्टवेअर माझ्या लेखी बाद. फॉन्टच्या यादीत मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी आहे का, तेही बघा. देवनागरी फॉन्ट नसला तर प्रत्येक फोनवर वेगळंच अक्षर दिसतं.

पुढची चाचणी पेस्टची. आपल्याकडची जुनी पत्रकं, दरपत्रकं डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी या छपाईच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात पडलेली असतात. ती तशीच चिकटवली तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अगम्य चिन्हंच उमटणार. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावी लागतात. वर्डमधून चिकटवलं की मजकुराबरोबर त्याचे रंग-आकारही येतात, म्हणून साधा मजकूर चिकटवायची सोय हवीच. कोड हाताने लिहिणाऱ्यांनी फाइल यूटीएफ-8 मध्येच (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) सेव्ह करावी. विंडोजचं जुनं नोटपॅड आपणहून तसं करत नव्हतं आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरायची. विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून ते बदललं. तरी या कामाला नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड घ्या. दोन्ही फुकट आहेत.

पत्ता, फोन, वेळ आणि चार फोटो एवढंच हवं असेल तर गुगल साइट्स पुरतं. माल सतत बदलत असेल तर मी वर्डप्रेसकडे झुकते. त्याचं कामकाजाचं पानही मराठीत करता येतं, एखादा मजकूर चुकून खोडला तर जुनी आवृत्ती परत आणता येते, आणि मोबाइलचे अवाढव्य फोटो ते आपणहून लहान करून वापरतं. 2018 च्या शेवटी आलेला ब्लॉक एडिटर, म्हणजे पान तुकड्या-तुकड्यांनी रचायची सोय, सुरुवातीला गोंधळवतो, पण सवय होते. वर्डप्रेसची खरी कटकट अपडेटची. प्लगिन (जादा सोयींची जोड-सॉफ्टवेअरं) वेळेवर अपडेट करणारं कुणी नसेल तर स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या जागेवर) वर्डप्रेस घेऊच नका. विक्समध्ये मांडणी करणं सोपं आहे, पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. वर्डप्रेसमध्ये ‘एक्स्पोर्ट’ केलं की सगळा मजकूर एका फाइलीत मिळतो. दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे, आणि डेमो दाखवणारा तो आपणहून सांगत नाही.

शेवटी, साइट सांभाळणाऱ्याच्या हातात फोन द्या आणि म्हणा, ‘कापशीचा भाव पन्नासनं वाढव.’ शेजारी बसा, पण काही सांगू नका. तो नेमका कुठं अडतो ते लिहून ठेवा. दोन सॉफ्टवेअरवर हेच करून बघितलं की निवड बहुतेक तिथंच होते. पैसे भरताना दुसऱ्या वर्षाचा दर विचारा, पहिल्या वर्षाची सवलत पुढे राहीलच असं नाही. आणि डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, दुकानाच्या नावावर, दुकानाच्याच ईमेलवर घ्या, साइट करून देणाऱ्याच्या नाही. मी करून देत असले तरी.