डासांची धूरफवारणी: खिडक्यांआधी माशांची टाकी

धुराचं मशीन आलं की खिडक्या सगळेच लावतात, माशांची टाकी मात्र हमखास विसरते. डासांवरच्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. माणसाला त्याने डोळे चुरचुरणं, दमा असेल तर धाप लागणं असा त्रास होतो. माशांना मात्र ते अगदी थोडंही घातक. (त्याच गटातलं पर्मेथ्रिन असेल तर मांजरालाही लांब ठेवा.)

१. टाकीचा हवेचा पंप बंद करा. बाहेरची हवा पाण्यात ओढतो तो हाच. वर ओलं फडकं घट्ट अंथरा.
२. पिण्याचं पाणी, अन्न झाका. दोरीवरचे कपडे आणि बाळाची खेळणी आत घ्या.
३. धूर पूर्ण विरला की आधी खिडक्या उघडा, घरात वारा खेळू द्या, मग पंप सुरू करा.
४. बाळ रांगतं ती फरशी साबणाच्या पाण्याने पुसा.

अंगावर उडालं तर साबण-पाण्याने धुवा, चोळू नका.

सावधान: घरातलं फवारणीचं औषध कुणाच्या पोटात गेलं तर उलटी करवू नका. त्यात पुष्कळदा रॉकेलसारखा द्राव असतो, तो फुप्फुसात उतरू शकतो. औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच डॉक्टरकडे जा.