ट्रनिअनला ग्रीस नको, गिअर ऑइल द्या

इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीत ट्रायम्फ हेराल्ड या जुन्या गाडीच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) मी घरीच किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून करायची गाडी, बांधली. हेराल्ड १९५९ ते १९७१ इथं बनायची. तिची चासी बॉडीपासून वेगळी, म्हणून सोयीची. पण माझ्या गाडीचं स्टिअरिंग जड, वळणानंतर सरळ येईना.

पुढचे ट्रनिअन, म्हणजे पुढची चाकं वळताना ज्यांत फिरतात ते खालचे सांधे, खोलले. आत कुणीतरी भरलेलं ग्रीस सुकून खडूसारखं झालं होतं. इथं व्हर्टिकल लिंकचे (चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याचे) आटे पितळी ट्रनिअनमध्ये फिरतात. त्यांना ईपी ९० हे घट्ट गिअर ऑइलच हवं. नाहीतर आटे गंजतात, लिंक तुटते, चाक आडवं पडतं! रॉकेलनं धुऊन आट्यांवर नख फिरवलं. एका लिंकला खड्डे होते, ती बदलली. दुसरी ठणठणीत, तीच ठेवली. डावे-उजवे आटे उलट असतात, अदलाबदल नको. ट्रनिअन पूर्ण चढवून थोडा मागे घेतला, ग्रीस गननं तेल वरून ओघळेपर्यंत भरलं. आता स्टिअरिंग हलकं फिरतं, आपोआप सरळ येतं.