दोघांनीच बोट धक्क्याला लावायची तर: नॉरफोक ते मायामी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आतल्या अंगाने जाणारा अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवे व्हर्जिनियातल्या नॉरफोकला शून्य मैलावर सुरू होतो आणि १०९० मैलांच्या आसपास मायामीला पोचतो. हे मैल जमिनीवरचे, १.६ किलोमीटरचे, सागरी नव्हेत. ७ नॉटची बोट तासाला ८ मैल जाते. ऑक्टोबरच्या अखेरीस उजेड अकरा तासांचा, त्यामुळे दिवसाला ५० मैल धरले तर नुसत्या चालीचे बावीस दिवस होतात. वारा-पावसाचे दिवस वेगळे. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. अमुक तारखेआधी अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला जाऊ नये अशी अट विम्यात असू शकते, तेव्हा निघण्याआधी ते कलम वाचून घ्या.

वाट चुकणं अवघड आहे. दक्षिणेला जाताना पाण्यातल्या लाल खुणा उजवीकडे ठेवायच्या. गोंधळ होतो तो समुद्राकडून आत येणारी वाट या मार्गाला छेदते तिथे, कारण तिथल्या खुणांचे रंग त्या वाटेच्या हिशेबाने असतात. तिथे खुणेवरचा छोटा पिवळा आकार बघा: पिवळा त्रिकोण उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे, मग खांब लाल असो की हिरवा. पक्क्या पुलांची उंची भरतीच्या पाण्यापासून ६५ फूट धरलेली असते, पण मायामीचा ज्युलिया टटल पूल ५६ फुटांचाच आहे. उंच डोलकाठीवाल्यांनी त्याआधीच समुद्रात बाहेर पडावं. उघडणाऱ्या पुलांशी व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात व्हीएचएफ रेडिओच्या १३ नंबरच्या चॅनेलवर बोलायचं, साउथ कॅरोलिनापासून खाली ९ वर.

जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फूट असतो आणि जेकिल क्रीक, लिटल मड रिव्हर, हेल गेट इथे गाळ साचत राहतो. इथे अर्धी भरती झाल्यावर, पाणी चढत असताना शिरा. रुतलात तरी तासाभरात पाणीच उचलून देतं. ओहोटीत रुतलात तर लगेच, पण हळू, आल्या वाटेने मागे या. जोरात रिव्हर्स मारला की बोटीचा पंखा (प्रोपेलर) तळाचा चिखल ढवळतो, तो इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीत बसतो आणि दहा मिनिटांत इंजिन तापतं. रुतण्यापेक्षा हे महाग.

आता मुख्य गोष्ट. या प्रवासात माणसं भांडतात ती मरिनात (बोटी लावायच्या छोट्या बंदरात), धक्क्यापासून शेवटच्या दहा फुटांत.

आदल्या दिवशी फोन करून जागा घ्या. लांबी सांगताना पुढे आलेला नांगर आणि मागे टांगलेली डिंगी (छोटी होडी) धरून सांगा. धक्का तरंगता आहे की पक्का, बोट कुठल्या कुशीला लागेल, वीज ३० अँपियरची की ५०, आणि पोचाल त्या वेळी पाण्याची ओढ (प्रवाह) किती असते, हे विचारून घ्या. पामलिको आणि अल्बेमार्लच्या विस्तीर्ण पाण्यात भरती नावालाच; तिथे वाराच पाणी फूट-दोन फूट वरखाली करतो आणि धक्के पक्के असतात, म्हणून दोरांना ढील जास्त ठेवावी लागते. एकच पंखा असेल आणि तो उजवा फिरणारा (पुढे जाताना, मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने) असेल तर रिव्हर्समध्ये बोटीचा मागचा भाग डावीकडे ओढला जातो. म्हणून डावी कूस धक्क्याला मिळाली तर काम निम्मं सोपं.

३६ फुटांच्या बोटीला अर्धा इंच जाडीचा नायलॉन दोर चालतो. पाच अष्टमांश घेतलात तर हाताला बरा. पुढचा-मागचा दोर बोटीच्या दोन तृतीयांश लांबीचा, स्प्रिंगचे दोर (बोट पुढे-मागे सरकू न देणारे तिरके दोर) बोटीएवढे. फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला टांगायच्या फुगीर गाद्या) निदान चार, आत शिरायच्या आधीच लटकवलेले.

सगळा खेळ एका दोराचा आहे: बोटीच्या मध्यावरच्या क्लीटचा (क्लीट म्हणजे दोर अडकवायचा दोन शिंगांचा खुंटा). क्रम असा.

१. ओढ असेल तर तिच्या तोंडावर जा, पाठीवर घेऊ नका. ओढ फार असेल तर पाणी थांबेपर्यंत बाहेर थांबा.

२. मधला दोर क्लीटला बांधून कठड्याबाहेरून वर घ्या. तो धक्क्यावरच्या जरा मागच्या क्लीटला, शक्य तितका आखूड, अडकवा. उडी मारायची नाही. बोट धक्क्याला टेकल्यावर पाऊल टाकायचं, नाहीतर बोटीवरूनच फास टाकायचा.

३. गिअर पुढे, इंजिन सर्वांत कमी वेगावर, चाक धक्क्याच्या उलट दिशेला. दोर ताणला जातो, मागचा भाग आत येतो आणि बोट धक्क्याला चिकटून तशीच उभी राहते.

४. आता घाई नाही. गिअर तसाच ठेवून पुढचा आणि मागचा दोर बांधा, मग इंजिन बंद करा.

बिघडतं ते बहुतेक मदतीमुळे. धक्क्यावरचा भला माणूस पुढचा दोर हातात घेतो आणि जोरात ओढतो. नाक आत येतं, शेपूट शेजारच्या बोटीवर जातं. त्याच्या हाती मधलाच दोर द्या आणि सांगा, "ओढू नका, फक्त क्लीटला अडकवा." दुसरी चूक दोर लांब ठेवण्याची: गिअर टाकताच बोट पुढे सरकते आणि समोरच्याला भिडते. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात-पाय कधीही घालू नका. बारा टनांपुढे मनगटाचं काय चालणार?

चाक नवऱ्याकडे आणि दोर बायकोकडे अशी वाटणी बऱ्याच बोटींवर दिसते. खरं तर चाकाला ताकद लागत नाही, दोराला लागते. दोघांनी दोन्ही शिका. हेडसेट घ्या, आणि "हळू! अगं हळू!" यापेक्षा "सहा फूट, चार फूट, दोन" असं बोला.

विजेची तारही क्रमाने. धक्क्यावरचा ब्रेकर बंद करा, आधी बोटीकडचं टोक लावा, मग धक्क्याकडचं, दोन्ही पिळून पक्की करा, आणि मग ब्रेकर चालू. उलट्या पोलॅरिटीचा (विजेच्या तारा उलट्या जोडल्याचा) दिवा लागला तर बोटीवर काहीही सुरू करू नका. प्लग तपकिरी झालेला दिसला तर सांधा ढिला आहे किंवा गंजलाय. तो जळायच्या आधी बदला. निघताना उलटा क्रम. आणि मरिनाच्या पाण्यात पोहू नका: एखाद्या बोटीतून गळणारी वीज, गोड्या पाण्यात तर विशेष, माणसाचे हातपाय जखडते आणि तो बुडतो.

निघताना वारा धक्क्याकडे दाबत असेल तर पुढच्या क्लीटपासून मागे जाणारा स्प्रिंग ठेवा. तो धक्क्याच्या क्लीटला वळसा घालून दुहेरी परत बोटीवर आणा. नाकाशी सर्वांत जाड फेंडर लावा, गिअर पुढे टाका, चाक धक्क्याकडे वळवा. मागचा भाग बाहेर पडला की न्यूट्रल, दोराचं एक टोक सोडून दुसऱ्याने तो आत ओढा, मग रिव्हर्स. सोडायच्या टोकाला गाठ किंवा फास नको. तो क्लीटमध्ये अडकतो. आणि दोर पुरता डेकवर आल्याशिवाय गिअर टाकू नका. पंख्यात गुंडाळलेला दोर सोडवायला त्याच पाण्यात उतरावं लागतं.