कोकणात राहून विज्ञानकादंबरी लिहायची असेल तर

नवा लेखक बहुतेकदा एकाच हस्तलिखितात परग्रहवासी, काळयंत्र आणि यंत्रमानव असं सगळं भरतो आणि मग कशालाच न्याय मिळत नाही. एकच गोष्ट बदला, पण तिचा परिणाम गावातल्या शेवटच्या घरापर्यंत न्या. किनाऱ्यावरच्या माणसाला हे चांगलं जमू शकतं. भरती, खाडी आणि पंचांग एकमेकांत कसं गुंतलेलं आहे हे त्याला रोजच्या व्यवहारातून ठाऊक असतं.

समजा, चंद्र आज आहे त्याच्या निम्म्या अंतरावर आला. भरतीची ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे ती आठपट होईल. चंद्राची फेरी 27.3 दिवसांऐवजी पावणेदहा दिवसांच्या आतच पुरी होईल आणि अमावास्या ते अमावास्या जेमतेम दहा दिवस भरतील. आज भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, तेव्हा ती जवळजवळ पावणेतीन तास उशिरा येईल. इथवर गणित झालं, आता गावात या. पहिल्याच उधाणाला खारबंदिस्तीचा बांध फुटतो, भातशेतीत खारं पाणी शिरतं, विहिरी मचूळ होतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कधी ओढायची याचा अंदाज वयस्क मच्छीमारांनाही येत नाही. संकष्टी दर दहा दिवसांनी, आणि एका दिवसात तीन तिथी! मग वडिलांचं श्राद्ध नेमकं कधी घालायचं यावरून दोन भावांत जुंपते. कादंबरीचं बीज या भांडणात आहे.

गणित वहीत तीन पानं करा, पुस्तकात तीन वाक्यं ठेवा. मराठी विज्ञानकथा सर्वांत जास्त कुठे फसते, तर एक पात्र दुसऱ्याला दोघांनाही माहीत असलेली गोष्ट समजावून सांगतं तिथे. ‘पाणी दारात इला’ एवढं म्हणून कोणी धान्याची कणगी हलवायला धावलं, की वाचकाला सगळं कळतं. संवाद मालवणीत लिहिणार असाल तर आखूड ठेवा. निवेदन प्रमाण मराठीत असलं की घाटावरचा वाचकही सोबत राहतो.

अद्भुतकथेला नियम अधिक कडक लागतात, कारण तिथे भौतिकशास्त्र वेसण घालायला येत नाही. शक्तीला किंमत हवी, आणि ती दिसायला हवी. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे गावाच्या राखणदार देवाला, भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची फेरी मारतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. राखणदाराचे कष्ट त्या झिजलेल्या तळव्यात दिसतात. नियम अशा ठिकाणांहून शिका, पण तुमच्या पुस्तकातला देव आणि गाव कल्पितच ठेवा. खरं देवस्थान कुणाचं तरी जिवंत श्रद्धास्थान असतं.

पहिली कादंबरी 60,000 शब्दांची धरा. आठवड्याला पाच दिवस, रोज 400 शब्द, म्हणजे 30 आठवडे. जूनमध्ये बसलात तर पहिला खर्डा डिसेंबरअखेर होतो. पावसात वीज जातेच, म्हणून रोजचं लिखाण त्याच दिवशी स्वतःला मेल करा. संदर्भासाठी रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय आहे, 1828 पासूनचं.

त्याआधी चार-पाच लघुकथा लिहून हात बसू द्या. दिवाळी अंकासाठी 3,000 ते 4,000 शब्दांची कथा जून-जुलैपर्यंत पाठवावी, आणि एक कथा एकाच अंकाला. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा नवोदितांनी चुकवू नये. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये तिथे ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली आणि त्या अनोळखी नावाला पहिलं बक्षीस मिळालं.

पैशांचा हिशेब आधीच मांडा. 300 रुपयांच्या पुस्तकाच्या 1,000 प्रती खपल्या आणि मानधन 10 टक्के असलं, तर हाती 30,000 रुपये येतात, तेही बहुधा काही वर्षांत मिळून. नोकरी किंवा बागायत सोडू नका. करार लेखीच हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर तो काळ पाच वर्षांचा धरतात. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला की थांबा आणि मुदत घालून मागा. भाषांतर, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या.

टंकलेखन युनिकोडमध्ये करा. छपाईसाठी मजकूर जुन्या फाँटमध्ये वळवताना रफार आणि जोडाक्षरं मोडतात, आणि शुद्धलेखन तपासणीत ते सापडत नाही, कारण चुकून झालेला शब्दही खरा असतो. ‘दर्या खवळला’चं ‘दऱ्या खवळला’ झालेलं असतं. म्हणून शेवटच्या प्रुफात ‘ऱ्य’ असलेला प्रत्येक शब्द शोधून, वाक्य मोठ्याने वाचून पाहा.