आलिशान गाडीमागे ट्रेलर जोडताय? या चुका टाळा

इंजिनात एवढी ताकद आहे, मग मागे काहीही जोडलं तरी चालेल, असं महागड्या गाड्यांचे मालक सर्रास धरून चालतात. पण ओढण्याची मर्यादा फक्त इंजिन ठरवत नाही. ब्रेक, गिअरबॉक्स थंड ठेवण्याची सोय, मागचा अ‍ॅक्सल आणि हुक जिथे बसतो ती चौकट, यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांना वेगवेगळे आकडे मिळतात. काही वेगवान आवृत्त्यांना तर कंपनी ट्रेलरची परवानगीच देत नाही. तेव्हा आकडा आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. तिथेही ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात, ते एकमेकांत मिसळू नका. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची कमाल मर्यादा ७५० किलो आहे, गाडी कितीही दणकट असली तरी.

खरी फसगत वजनाच्या हिशोबात होते. समजा, ओढण्याची क्षमता २,००० किलो, भरलेल्या गाडीचं कमाल वजन २,५०० किलो आणि गाडी व ट्रेलर मिळून मर्यादा ४,३०० किलो आहे. गाडी माणसांनी आणि सामानाने पूर्ण भरलीत, तर ट्रेलरसाठी १,८०० किलोच उरतात. त्यात हुकावर येणारा भार, म्हणजे ट्रेलरचं तोंड हुकाला जेवढं खाली दाबतं तेवढं वजन, हेही गाडीच्या वजनात धरायचं असतं. पुढे चार माणसं, डिकीत बॅगा आणि मागे कमाल वजनाचा ट्रेलर, हे बऱ्याच गाड्यांत एकत्र बसतच नाही. भरलेली जोडी एकदा वजनकाट्यावर नेऊन बघाच.

हुकावरच्या भाराकडे तर जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात. युरोपीय पद्धतीत हा भार ट्रेलरच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. मात्र शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा. भार कमी पडला की ट्रेलर वेगात डुलायला लागतो, जास्त झाला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. साध्या गाडीची मागची बाजू खाली बसते, त्यामुळे जास्तीचा भार निदान दिसतो. आपोआप पातळी राखणारं एअर सस्पेन्शन मात्र गाडी सरळच ठेवतं. ती सरळ दिसते म्हणून भार बरोबर आहे असं समजणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. सपाट जागेवर, ट्रेलरचं तोंड हुकाच्या उंचीला ठेवून, खाली काटा लावून भार मोजा. जास्त निघाला तर जड सामान ट्रेलरच्या अ‍ॅक्सलजवळ सरकवा.

वायरिंगमध्ये जुगाड नको. दिव्यांच्या तारा कापून थेट जोडल्या की डॅशबोर्डवर चुकीच्या सूचना येऊ शकतात. ट्रेलर जोडलाय हे गाडीला कळलं नाही, तर रिव्हर्स घेताना मागचे सेन्सर ओरडत राहतात आणि डुलणं आवरणारी यंत्रणा असूनही कामाला येत नाही. गाडीसाठीचं ठरलेलं वायरिंग मॉड्यूल बसवा आणि कोडिंग करून घ्या, म्हणजे गाडीच्या संगणकात त्याची नोंद करून घ्या. टायरमधली हवा पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरा.

लांब चढणीवर गिअरबॉक्सच्या तापमानाची सूचना आली, तर सुरक्षित जागी थांबा आणि तापमान उतरू द्या. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका, सुरुवातीलाच खालचा गिअर टाका. आणि ट्रेलर डुलायला लागलाच, तर वेग वाढवून तो सरळ करायला जाऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. पुढे निघण्याआधी गाडी बाजूला घेऊन हुकावरचा भार आणि टायर तपासा.