बिनभाड्याचे पोटभाडेकरू

डोंबिवली पूर्वेचं हे घर आम्ही भर दुपारी बारा वाजता बघितलं आणि तिथेच फसलो. एजंटने खिडक्या उघडल्या, वारा आला, ओटा चकचकीत दिसला. राहायला आल्यावर तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले, स्वयंपाकघरातला दिवा लावला, आणि ओट्यावरचे पंधरा-वीस तपकिरी ठिपके सुर्रकन शेगडीखाली गेले. झुरळं!

तेव्हा घर बघायला जाल तर हॉलमधल्या वाऱ्यावर जाऊ नका. सिंकखालचं दार उघडा, ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढा, बिजागऱ्यांवर मोबाइलचा टॉर्च मारा. मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसले तर ती त्यांची विष्ठा. वस्ती जुनी असेल तर एक तेलकट, कोंदट वासही येतो. जे दिसेल त्याचे ताबा घेण्याच्या दिवशीच फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. ते कशासाठी, ते पुढे सांगते.

आधी आपल्याकडे झुरळ कुठलं आहे ते ओळखा, कारण दोन जाती असतात आणि दोघांचे उपाय वेगळे. लालसर, चांगलं 4 सेंटिमीटर लांबीचं धूड मोरीच्या जाळीतून, गटारातून येतं. एखाद-दुसरंच असेल तर जाळी बारीक करा आणि रात्री तिच्यावर बादली पालथी घाला, बहुतेक भागतं. खरी डोकेदुखी छोट्याची. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर, रंग फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळसर उभ्या रेघा. याला जर्मन झुरळ म्हणतात. नाव जर्मन, पण 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार याचं मूळ आपल्याच बाजूचं, भारत-म्यानमारच्या पट्ट्यातलं. म्हणजे माहेरीच राहिलंय म्हणायचं. याची मादी अंड्यांची डबी पोटाला चिकटवून फिरते आणि एका डबीतून 30-40 पिल्लं निघतात. ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार. चार दिसली आणि चार मारली, एवढ्याने हिशेब मिटत नाही तो यामुळे.

मी पहिल्या रविवारी काय केलं? स्प्रेचा आख्खा डबा स्वयंपाकघरात रिकामा केला. सकाळी केरसुणीखाली पंचवीस-तीस मेलेली, आणि मी खूश. आठवड्याभरात झुरळं हॉलमधल्या घड्याळामागे, देव्हाऱ्याच्या खणात आणि फ्रिजच्या रबरात दिसायला लागली. या फवाऱ्यांचा त्यांना उग्रपणा जाणवतो. समोरची मरतात, फटीतली मुक्काम हलवतात. शिवाय फवारलेल्या जागी नंतर विषाचं आमिष ठेवलं तर त्याला ती तोंड लावत नाहीत. म्हणून फवारा असलाच तर कपाटात ठेवा. खडूच्या रेघांनीही माझ्याकडे मुंग्यांपलीकडे काही अडलं नाही.

मारण्याआधी मोजा. चिकट सापळे मिळतात, पुठ्ठ्याचे. सहा आणले आणि सिंकखाली, फ्रिजमागे, शेगडीच्या बाजूला, मिक्सरजवळ, देव्हाऱ्याखाली आणि न्हाणीघराच्या दाराशी ठेवले. रोज सकाळी आकडा कालनिर्णयवर लिहायचा, एकादशी आणि गॅसच्या नोंदीच्या मधल्या जागेत. तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. न्हाणीघरात शून्य, सिंकखाली 9, मिक्सरजवळच्या सापळ्यात 31. फ्रिजवर संशय घेऊन मी दोन दिवस तो रेटत बसले होते.

मिक्सर आम्ही दुपारी गच्चीवर नेला. उलटा केला तर तळाच्या हवेच्या फटींतून मिशा हलत होत्या. नुसत्या मिशा, बारीक, एका लयीत. आमच्या यांनी खाली साबणाच्या पाण्याचं टब ठेवलं, चार स्क्रू काढले आणि झाकण हलवताच आतून ओंजळभर झुरळं टबात पडली. साबणाच्या पाण्यात ती तरंगू शकत नाहीत, गुदमरून मरतात. मोटरभोवती ऊब, वाटणाचे उडालेले थेंब, अंधार. त्यांना आणखी काय हवं? तुमचा मिक्सर वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. नवीन काही सांगतोय असं त्याला वाटणार नाही. मायक्रोवेव्ह मात्र घरी कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात धोक्याचा विद्युतभार राहतो.

मग पाणी तोडायचं. जर्मन झुरळ नुसत्या पाण्यावर महिनाभर काढतं, पण पाणीच नसेल तर साधारण दोन आठवड्यांत संपतं. त्यामुळे खरकट्याइतकंच ओल्या फडक्याकडे लक्ष द्या. रात्री शेवटचं काम म्हणजे सिंक कोरडं पुसणं, ओटा पुसून फडकं बाल्कनीत वाळत घालणं, ओला कचरा दाराबाहेर. सिंकखालचा पाइप ठिबकत होता, वॉशर बदलला. शेगडी उचलून खालचं तेल खरवडलं. रद्दी आणि घर बदलतानाची पुठ्ठ्याची खोकी त्याच दिवशी घराबाहेर काढा. पुठ्ठ्याच्या पन्हळींत झुरळं मजेत राहतात.

आता मुख्य औषध, जेल. सिरिंजसारख्या नळीत मिळतं, पाकिटावर फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड लिहिलेलं असतं. लोक टूथपेस्टसारखे पट्टे ओढतात, ते वाया जातात. ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका पुरे, पण जागा पुष्कळ हव्यात. मी ट्रॉल्यांच्या बिजागऱ्या, ओट्याखालचे कोपरे, फ्रिजच्या मागची खालची कड आणि स्विचबोर्डच्या बाहेरची फट धरून चाळीसेक ठिपके दिले. गरम, ओल्या किंवा फिनाइलने पुसलेल्या जागी देऊ नका. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, बिळात जातं. तिथली पिल्लं त्याची विष्ठा आणि मढं खातात आणि तीही मरतात. आपल्या हाताने न पोचणाऱ्या जागी विष पोचवायचं काम तीच करतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर ओट्याजवळचे ठिपके गायब. मी हरखले, केवढं खाल्लं! सासूबाई म्हणाल्या, “अगं, ते चिकट काय सांडलं होतंस? मी साबणाने पुसून टाकलं सगळं.” तेव्हा घरातल्या सगळ्यांना आणि कामाला येणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवा.

तिसऱ्या दिवशी ठिपके तपासा, संपले तिथे नवे द्या. पंधरा दिवसांनी पूर्ण दुसरी फेरी, कारण डबीतली पिल्लं उशिरा बाहेर येतात. आमचा मिक्सरजवळचा आकडा 31 वरून आठवड्यात 12, दुसऱ्या फेरीनंतर 3. जेल ताजं असून कोणी शिवतच नसेल तर कंपनी बदला. काही वस्त्यांमधल्या झुरळांना ग्लुकोज कडू लागायला लागलंय, गोड आमिषाकडे ती पाठ फिरवतात.

बोरिक पावडर हा जुना उपायही खराच आहे, पण ढीग घातला तर ती वळसा घालून जातात. ट्रॉलीच्या मागच्या पोकळीत, जिथे कोणाचा हात जात नाही, तिथे धुळीइतका पातळ थर हवा. कणकेच्या गोळ्या करून ओट्यावर ठेवायची पद्धत मला पसंत नाही. आमच्याकडे चार वर्षांची भाची सुट्टीत येते आणि तिला सगळ्याच गोळ्या पेढे वाटतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जेलसुद्धा फटीच्या आतच द्या.

फटी बुजवताना भाड्याचं घर असल्याचं ध्यानात असू द्या. टाइल्सच्या सांध्यात पांढरं सिमेंट, पाइप भिंतीत शिरतो तिथे एम-सील, एवढं न विचारता चालतं. कुजलेली प्लायवूडची ट्रॉली बदलणं मात्र मालकांचं काम. आमचे मालक फोनवर म्हणाले, “वहिनी, आम्ही होतो तेव्हा एकही नव्हतं. तुमच्या खोक्यांतून आली असतील.” तसं होऊ शकतं, म्हणून मी वाद घातला नाही. ताब्याच्या दिवशीचा फोटो परत पाठवला, बिजागरीवर मिरपुडीसारखा थर, वर तारीख. दोन दिवसांनी ट्रॉलीचे अर्धे पैसे द्यायला तयार झाले. बोलणं फोनवर झालं तरी नंतर दोन ओळी व्हॉट्सॲपवर टाकत जा. करार नूतनीकरणाला आला की पेस्ट कंट्रोलचा खर्च कोणाचा, हे त्यात लिहून घ्या. डिपॉझिट परत मागताना तेवढंच उपयोगी पडतं.

एवढं करूनही आकडा 3 वरून खाली येईना. आमच्या, खालच्या आणि शेजारच्या स्वयंपाकघरांची एकच डक्ट, म्हणजे पाइपांसाठीची उभी पोकळी. मी सेक्रेटरी काकांना कालनिर्णयचं पान दाखवलं. ते ब्याऐंशीच्या वयात जिने चढून तिन्ही घरी जाऊन आले. एकाच दिवशी तिन्ही घरांत पेस्ट कंट्रोल ठरलं, दरही उतरला. येणाऱ्या माणसाला आधी विचारा: जेल देणार की फवारणार? औषधाचं नाव काय? पंधरा दिवसांनी परत येणार का? ‘हर्बल आहे, काळजी नको’ एवढंच म्हणाला तर दुसरा बघा. आमच्या यांना सकाळी सटासट शिंका यायच्या, म्हणून मला फवारणी नकोच होती. झुरळांची विष्ठा आणि कात यांनीही ॲलर्जी वाढते, दमा असेल तर जास्तच. तेव्हा मेलेली झाडताना तोंडाला रुमाल बांधा आणि ओल्या फडक्याने पुसा.

सलग तीन महिने सापळे कोरे राहिले तरच सुटलो समजा. आमच्याकडे मार्चपासून कोरे आहेत. पुढच्या महिन्यात करार संपतोय, कल्याणला घर बघितलंय, या वेळी रात्री साडेनऊला. सामान पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जाणार आहे. मिक्सर पिशवीत गाठ मारून, आत एक चिकट सापळा ठेवून, सगळ्यात शेवटी.