पीयूसीत गाडी नापास झाली? आधी स्लिप वाचा, मग मिस्त्री गाठा

दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचणी ऐन भरात होती आणि तालुक्याच्या पीयूसी (धूर तपासणी) केंद्रावर माझी २०११ ची शंभर सीसीची गाडी नापास झाली. कार्बन मोनॉक्साइड ५.२ टक्के, चालतो ३.५ पर्यंत. केंद्रावरचा पोरगा हळूच म्हणाला, "काका, वरून शंभर द्या, कागद काढून देतो." मी नाही म्हटलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. साठचा अ‍ॅव्हरेज देणारी गाडी पंचेचाळीसवर आली होती, आणि शंभर रुपयांचा कागद काही पेट्रोल वाचवत नाही.

तुमचीही गाडी नापास झाली असेल तर केंद्रावरून रिकाम्या हाताने निघू नका. जून २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याचं पीयूसी मिळतं आणि नापास गाडीला रिजेक्शन स्लिप द्यायची तरतूद आहे. ती मागून घ्या. मिस्त्रीला दाखवायला ती कामी येते. केंद्राचं मशीनच बिघडलंय अशी शंका असेल, तर ती घेऊन दुसऱ्या केंद्रावर तपासणी करता येते. पण स्लिप म्हणजे पीयूसी नव्हे. जुन्या पीयूसीची मुदत शिल्लक असेल तर निवांत दुरुस्ती करा. मुदत संपली असेल तर गाडी मिस्त्रीपुरतीच बाहेर काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लायसन्सही ३ महिने अडकतं.

स्लिपवर आणखी एक गोष्ट बघा: गाडी बीएस-३ लिहिली की बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या नियमांचा टप्पा)? नोंद चुकली तर तिला नव्या गाडीचा कडक नियम लागतो. आरसी बुकाशी ताडून पाहा.

आता आकडे. पेट्रोल गाडीच्या स्लिपवर दोन असतात. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल. २००० नंतरच्या, बीएस-४ च्या आधीच्या फोरस्ट्रोक दुचाकीला सीओ ३.५ टक्के आणि एचसी ४,५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत इतके भाग) चालतं. सीओ जास्त असेल तर गाडी पेट्रोल जास्त आणि हवा कमी घेतेय. एअर फिल्टर चोंदलाय, चोक अडकलाय किंवा कार्बोरेटरचं सेटिंग बिघडलंय. एचसी जास्त असेल तर ठिणगीत किंवा व्हॉल्व्हमध्ये गडबड आहे, म्हणजे प्लग किंवा टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघायचे. सोबत सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय आणि खर्च मोठा आहे. थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ मात्र मनावर घेऊ नका.

दुरुस्ती स्वस्तापासून सुरू करा. आपल्याकडे पहिला संशयित एअर फिल्टर. पांधणीची धूळ, तुरीचं भूस, जिनिंगच्या रस्त्यावर उडणारी रुई, सगळं त्याच्याच नाकात जातं. आमच्या मिस्त्रीने डबा उघडला तर आत फोमवर रुईचा चांगला बोटभर थर, खाली मातीचा गोळा. "पाहा ना भाऊ, नाकात कापूस कोंबून पळवत होते तुम्ही तिले!" फोमचा फिल्टर असेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, पिळगटू नका, हलका दाबा, सावलीत वाळवा आणि ऑइलचा हात देऊन बसवा. कागदाचा असेल तर धुण्याच्या फंदात पडू नका, नवाच टाका.

मग प्लग काढा. काळाकुट्ट, कोरडी काजळी असलेला प्लग पेट्रोल जास्त जात असल्याचं सांगतो, तर ओला तेलकट प्लग ऑइल जळत असल्याचं. त्यानंतरच कार्बोरेटर. गावातल्या दुकानावर बाटलीतलं पेट्रोल घेत असाल तर ते आधी बंद करा. त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

कार्बोरेटरचं सेटिंग कानाने होतं, पण माझा सल्ला वेगळा: मिस्त्रीलाच केंद्रावर घेऊन जा. तपासणी मशीनची नळी सायलेन्सरमध्ये, नजर पडद्यावर आणि हातात स्क्रू ड्रायव्हर. इंजिन गरम असताना एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवला की सीओ खालीवर होताना दिसतो. बाजाराचा दिवस टाळा, गर्दीत केंद्रवाला एवढा वेळ देणार नाही.

डिझेलच्या पिकअपचं गणित निराळं. तिथे धुराची घनता मोजतात, तिचं एकक एचएसयू. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ६५ एचएसयू आणि बीएस-४ ला ५० एचएसयू ही मर्यादा आहे. काळा धूर म्हणजे फिल्टर, नोझल नाहीतर पंप. कापसाची गाडी जोर धरावी म्हणून पंपाचं डिझेल वाढवून घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. तसं केलं असेल तर पंप-नोझलवाल्याकडे जाऊन ते पूर्ववत करून घ्या. बाकीच्या खर्चाने धूर जाणार नाही.

बीएस-६ गाडीत इंजिनचा दिवा पेटला असेल तर घरच्या हत्यारांना हात लावू नका. स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच न्या. आणि कोणी म्हणालं कॅटॅलिटिक (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) काढून टाकू, आवाजही मस्त येईल, तर तिथून गाडी काढा.

फेरतपासणीला जाताना दहा-पंधरा किलोमीटर चालवून, इंजिन गरम असतानाच नळी लावू द्या. रांगेत अर्धा तास गेला तर पुन्हा एक चक्कर मारून या. चोक बंद असल्याची खात्री करा. सायलेन्सरला भोक असेल तर आधी वेल्डिंग करा, भोकातून हवा शिरली की आकडा खोटा येतो.

"गाडी आणू नका, नंबरप्लेटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मिळालेलं पीयूसी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून लगेच तपासा.

माझी गाडी दुसऱ्या खेपेला २.१ वर पास झाली. खर्च फोम, प्लग आणि मिस्त्रीचा चहा. बीएस-४ आणि बीएस-६ ला पीयूसी वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांना सहाच महिने. त्यामुळे माझी पुढची तारीख मृगाच्या तोंडावर येते. पेरणीच्या धावपळीत ती हमखास विसरेन, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवलाय, आणि त्याच्या आठवडाभर आधी लिहिलंय: फिल्टर.